आकडे एक सांगतात, माणसं दुसरंच

व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. १९३१ च्या अखेरीस मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांचा संशोधक गट तिथे कामाला लागला. बेकारी माणसाचं काय करते, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी ४७८ कुटुंबांची माहिती नोंदवली, मुलांकडून निबंध लिहून घेतले, वाचनालयातून किती पुस्तकं बाहेर जातात ते मोजलं. रस्त्यावरची माणसं किती वेगाने चालतात आणि किती वेळा थबकतात, हेसुद्धा घड्याळ लावून टिपलं. दिवसभर मोकळा वेळ असूनही वाचन घटलं होतं. पुरुष रेंगाळत चालायचे, बायका भरभर. घरकामातून त्यांना कुठली सुट्टी!

या अभ्यासातला मला सगळ्यात भावणारा भाग वेगळाच आहे. घरोघरी जाऊन, बोलून, निरीक्षण करून त्यांनी कुटुंबांचे चार गट पाडले: उमेद टिकवून असलेली, परिस्थितीला शरण गेलेली, हताश झालेली आणि कशाचंच काही वाटेनासं झालेली. मग या गटांपुढे उत्पन्न मांडलं. महिन्याला दर प्रौढामागे (मुलांना कमी भार देऊन) ते अनुक्रमे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग भरलं. नुसते आकडे पाहिले असते तर कोण किती गरीब, एवढंच कळलं असतं. नुसत्या गप्पा ऐकल्या असत्या तर उमेद हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग वाटला असता. दोन्ही एका तक्त्यात आल्यावर दिसलं, की पैसा आटत जातो तसा धीरही पायरीपायरीने सुटत जातो.

अशा कामाला आज मिश्र पद्धती संशोधन म्हणतात. मधल्या काळात मात्र आकडेवाले आणि मुलाखतवाले यांच्यात चांगलीच जुंपली होती. मोजता येईल तेच विज्ञान, असं एक बाजू म्हणायची. माणसाचा अनुभव मोजपट्टीत मावत नाही, असं दुसरी. १९८० च्या दशकात हा वाद टिपेला पोहोचला. पुढे ‘दोन्ही का नकोत?’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आणि २००७ मध्ये या पद्धतीला वाहिलेलं स्वतंत्र नियतकालिकही निघालं.

पद्धतीचे मुख्य आराखडे तीन. दोन्ही प्रकारची माहिती एकाच वेळी गोळा करून शेजारी ठेवायची. आधी सर्वेक्षण करून मग मुलाखतींतून त्याचा उलगडा करायचा. किंवा आधी मुलाखती घेऊन त्यांतून प्रश्नावली घडवायची. पाठ करायला हे सोपं आहे. अवघड असतो तो आकडे आणि मुलाखती यांना जोडणारा सांधा.

दुसरा आराखडा घेऊ. समजा, सर्वेक्षणात दिसलं की रक्तदाबाच्या गोळ्या बरेच रुग्ण काही महिन्यांत सोडून देतात. आता मुलाखती कोणाच्या घ्यायच्या? नवशिके सहसा ‘जे तयार होतील त्यांच्या’ असं उत्तर देतात, आणि सांधा तिथेच निखळतो. निवड आकड्यांतूनच व्हायला हवी. आकडेमोडीनुसार जे गोळ्या सोडतील असं वाटत होतं, तरीही ज्यांनी सोडल्या नाहीत, त्यांना आधी गाठावं. प्रश्नावलीतून निसटलेलं कारण त्यांच्याकडे सापडण्याची शक्यता जास्त.

आणि दोन्ही बाजूंनी परस्परविरोधी साक्ष दिली तर? याचं बोलकं उदाहरण ईशान्य इंग्लंडमधलं आहे. साठीपुढच्या १२६ जणांवर एक प्राथमिक चाचणी झाली. हक्काचे सरकारी भत्ते मिळवण्याबाबत एका गटाला लगेच सल्ला दिला, दुसऱ्याला काही महिन्यांनी. आरोग्याच्या प्रश्नावल्यांत दोन्ही गटांत जवळजवळ फरकच दिसेना. याच लोकांपैकी २५ जणांच्या सविस्तर मुलाखतींत मात्र सल्ल्याचे चांगले परिणाम ठळकपणे पुढे आले.

इथे सोयीची बाजू ठेवून दुसरी गाळण्याचा मोह कोणालाही होईल. सुझॅन मॉफॅट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या विसंगतीचीच उलटतपासणी केली. मुलाखत दिलेले २५ जण बाकीच्यांहून वेगळे होते का? दोन्ही कामं नीट झाली होती का? सल्ला ठरल्याप्रमाणे पोहोचला का? आणि कळीचा प्रश्न: दोन्ही पद्धती एकच गोष्ट तपासत होत्या का? प्रश्नावल्या तब्येतीची मापं घेत होत्या. मुलाखतींत माणसं मनाची निश्चिंती आणि कुणावर अवलंबून न राहणं याबद्दल बोलत होती. जुनाट दुखणी असलेल्या वृद्धाची तब्येत थोड्या महिन्यांत पालटत नाही, काळजी मात्र कमी होऊ शकते. नुसती चाचणी झाली असती तर ‘उपयोग नाही’ असा शेरा बसला असता. नुसत्या मुलाखतींवरून ‘तब्येत सुधारते’ असं कोणी म्हटलं असतं तर तेही टिकलं नसतं.

प्रबंधांमध्ये हा सांधा बहुतेक वेळा गायब असतो. चौथ्या प्रकरणात तक्ते, पाचव्यात मुलाखतींतले उतारे, सहाव्यात ‘दोन्हींवरून असे दिसते की’. एक प्रकरण काढून टाकलं आणि दुसऱ्यातलं वाक्यही बदलावं लागलं नाही, तर ते दोन अभ्यास एका बांधणीत आहेत, इतकंच. (परीक्षकांनाही हे चालतं, हा भाग निराळा.)

शिकणाऱ्याने म्हणूनच डेटा गोळा करण्याआधी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात मोजणीतून काय मिळेल, दुसऱ्यात मुलाखतींतून काय मिळेल आणि तिसऱ्यात दोन्ही मिळून असं काय कळेल, जे एकट्या कोणाकडून कळणार नाही. तिसऱ्या रकान्यात लिहिण्यासारखं काहीच सुचत नसेल तर सरळ एकच पद्धत वापरावी. एका तासाच्या मुलाखतीचं शब्दशः लेखन करायला कित्येक तास जातात. तो वेळ मग नमुना मोठा करण्यात घालवलेला बरा.