क्रूझवरचे पडदे आणि मस्टर ड्रिलचा वाद

मुरगाव बंदरात क्रूझचा हंगाम सुरू झाला की जहाजांवरच्या झगमगाटाचे व्हिडिओ मोबाईलवर फिरू लागतात. त्यातले भिंतभर डिजिटल पडदे फार जुने नाहीत. पणजी-मुंबई बोटीचा जमाना सोडाच, नव्वदच्या दशकातही आलिशान जहाजावर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम कळायचा तो केबिनमध्ये पोचवलेल्या छापील कागदावरून. जेवणाच्या वेळा, संध्याकाळचा पेहराव, बंदरावरून बोटीवर परतायची वेळ, सगळे त्यात.

२००४ मध्ये 'कॅरिबियन प्रिन्सेस'च्या उघड्या डेकवर सुमारे ३०० चौरस फुटांचा एलईडी पडदा बसला. मग चढाओढच लागली. २०११ मध्ये 'डिस्ने ड्रीम'च्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये बाहेरच्या कॅमेऱ्यावरून थेट समुद्र दाखवणारी गोल 'खिडकी' आली, २०१४ मध्ये 'क्वांटम ऑफ द सीज'वर ८० इंची पडद्याची 'बाल्कनी', तर २०१७ मध्ये 'एमएससी मेराविलिया'वर ८० मीटर लांबीचे एलईडी छत. छताचा फोटो सगळेच काढतात, पण वाट चुकलेल्या प्रवाशाला उपयोग होतो तो लिफ्टशेजारच्या नकाशाच्या टचस्क्रीनचा.

खरा वाद मात्र सुरक्षेच्या कवायतीचा, म्हणजे मस्टर ड्रिलचा. पूर्वी प्रवासी चढल्यापासून २४ तासांत ती घेतली तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायची होती. ३२ जण दगावले. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत.

२०२० मध्ये कोरोना आला आणि गर्दी नको म्हणून कवायतच पडद्यावर गेली. केबिनमधल्या टीव्हीवर किंवा मोबाईलवर व्हिडिओ पाहायचा, सात आखूड आणि एक लांब असा धोक्याचा भोंगा ऐकायचा, मग सवडीने आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन कार्ड स्कॅन करून हजेरी लावायची. साथ सरली तरी अनेक कंपन्यांनी हीच पद्धत ठेवली. प्रवासी खूश, कारण उन्हात रांगेत ताटकळणे वाचले. शिवाय आपली जागा प्रत्येकाला स्वतः शोधावी लागते, हा समर्थकांचा मुद्दा बिनतोड आहे. पण बॅग उपसता उपसता चालू ठेवलेला व्हिडिओ किती डोक्यात शिरतो? कार्ड स्कॅन केल्याने माणूस आला एवढेच कळते, त्याला लाइफजॅकेट बांधता येते की नाही हे नाही.

'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी जहाजाच्या १९९० मधल्या आगीत दीडशेहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुतेक धुराने. त्यानंतर प्रवासी जहाजांच्या बोळांत जमिनीलगत उजळणाऱ्या पट्ट्या सक्तीच्या झाल्या, कारण धूर वरून खाली भरत येतो. त्या किमान तासभर दिसल्या पाहिजेत. एलईडी छतांच्या जहाजांनाही त्यातून सूट नाही. कवायतीबाबत मात्र अजून एकमत नाही. काही कंपन्या आजही प्रवाशांना एकत्र उभे करूनच ती घेतात.