अन्नघटक संशोधन : नाशिकची नागली आणि वरई

अन्नघटक संशोधन म्हणजे खाद्यपदार्थातील पाणी, प्रथिने, स्निग्धांश, तंतू, खनिजे आणि जीवनसत्त्वे मोजून त्यांची कोष्टके तयार करण्याचे शास्त्र. नाशिक जिल्ह्यात ते समजून घ्यायचे तर सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या डोंगरउतारांकडे पाहावे. इथल्या वरकस (हलक्या, कमी सुपीक) जमिनीत कोकणा, महादेव कोळी आणि वारली शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नागली (नाचणी), वरई आणि खुरासणी (कारळे) आलटूनपालटून घेत आले आहेत.

नागली आणि वरई यांना सरसकट भरडधान्य म्हणतात, पण कोष्टकात दोघींचे चेहरे अगदी वेगळे आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकात ५२८ खाद्यपदार्थ आहेत. त्यात १०० ग्रॅम नागलीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, तर वरईत जेमतेम १६. प्रथिनांत मात्र वरई पुढे : सुमारे १० ग्रॅम, नागलीत ७. त्यामुळे ‘भरडधान्य पौष्टिक’ हे विधान फारच ढोबळ ठरते. कोणते धान्य आणि कशासाठी, हे विचारायलाच हवे.

प्रथिने थेट मोजत नाहीत. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये दिलेल्या पद्धतीने प्रथिनांतला नायट्रोजन मोजतात आणि त्याला सहसा ६.२५ ने गुणतात, तांदळासाठी ५.९५ ने. खनिजांसाठी नमुना भट्टीत जाळून राख करतात. खरी कसोटी त्याआधीच्या नमुना गोळा करण्यात असते. खळ्यावरची माती दाण्यांना चिकटून राहिली, तर लोहाचा आकडा उगाच फुगतो.

भारतात या कामाचा पाया तमिळनाडूतील कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत घातला गेला. तिथून तिचे संचालक डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांची कोष्टके १९३७ मध्ये निघाली. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी काही काळ कुन्नूरला होत्या. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन कडधान्ये आणि नीरा यांवर काम केले. गरिबाच्या ताटातला पदार्थ प्रयोगशाळेत आणण्याची त्यांची निवड आजही अनुकरणीय आहे.

कोष्टकातला आकडा कोरड्या, कच्च्या दाण्याचा असतो; माणूस खातो ती भाकरी. समजा १०० ग्रॅम पिठाची १६० ग्रॅम भाकरी झाली, तर १०० ग्रॅम भाकरीत कॅल्शियम सुमारे २२८ मिलिग्रॅमच उरते. काही नष्ट झालेले नसते, पाण्याचे वजन वाढलेले असते. ही साधी गोष्ट विसरून आखलेले आहारतक्ते चुकतात.

नागलीचे बरेचसे कॅल्शियम टरफलात असते. त्याच टरफलात टॅनिन हे तुरट द्रव्य असते, आणि दाण्यातल्या फायटेट या खनिजे बांधून ठेवणाऱ्या द्रव्याबरोबर ते खनिजांचे शोषण अडवते. नागली भिजवून मोड आणले की फायटेट घटते. आंबिलीसाठी पीठ आंबवल्यानेही तो फायदा होतो. सत्त्व करताना मात्र वाटलेली नागली फडक्यातून गाळून चोथा टाकतात आणि त्याबरोबर खनिजांचा मोठा वाटा निघून जातो. लहान बाळाला सत्त्व पचायला हलके, हे खरे. पण अख्ख्या नागलीचा आकडा सत्त्वाला लावणे चूक आहे. सत्त्वाचे पृथक्करण वेगळेच करावे लागते.

वरईचा प्रश्न निराळा. ती सडून, म्हणजे टरफल काढूनच खातात. उपवासाची भगर म्हणून जी पाकिटे विकली जातात, त्यांत कधी वरई असते तर कधी सावा हे दुसरे भरडधान्य. दोन्हींचे घटक सारखे नाहीत. म्हणून भगरीचा नमुना घेताना दुकानातल्या नावाबरोबर वनस्पतीची जात आणि धान्य किती सडले आहे, या दोन्ही गोष्टी नोंदवाव्या लागतात.