फोनची सजावट आणि मोबाइल व्हिडिओचा दर्जा (ठाणे-नवी मुंबई परिसर)

कव्हर, स्किन, टफन ग्लास, वॉलपेपर, थीम, लाँचर (होम स्क्रीन बदलणारं ॲप), रिंगटोन इथपासून ते थेट अख्खी रॉम (फोनची मूळ कार्यप्रणाली) बदलण्यापर्यंतचे सगळे उद्योग फोनच्या सजावटीत धरतात. व्हिडिओचा दर्जा म्हणजे रिझोल्यूशन (चित्रात किती पिक्सेल), फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं), हात हलला तरी चित्र किती स्थिर राहतं, आणि कमी उजेडात काय दिसतं. दोन्हींच्या नोंदी सहसा वेगळ्या असतात, पण सजावटीचा फटका व्हिडिओला बसतो म्हणून इथे एकत्र घेतल्यात.

पहिला कॅमेरा फोन कोणता यावर एकमत नाही. फिलिप कान यांनी ११ जून १९९७ ला कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझहून आपल्या तान्ह्या मुलीचा फोटो पाठवला हे सगळेच सांगतात, पण तिथे कॅमेरा, लॅपटॉप आणि फोन तिन्ही वेगळे होते, फक्त जोडलेले, त्यामुळे त्याला फोन म्हणायचं का हा मुद्दा राहतोच. जपानमध्ये १९९९ ला क्योसेराचा व्हीपी-२१० आला, त्यात समोर कॅमेरा होता आणि सेकंदाला साधारण २ फ्रेम समोरच्याला दिसायच्या. २००० च्या मध्यावर कोरियात सॅमसंगचा एससीएच-व्ही२०० आला पण त्यातले फोटो बाहेर काढायला कॉम्प्युटर लागायचा, आणि त्याच वर्षाच्या अखेरीकडे शार्पचा जे-एसएच०४, ज्यातून फोटो थेट पाठवता यायचा. बरेच जण मान शार्पला देतात आणि फोटोपुरतं ते ठीकच आहे. पण हलतं चित्र धरलं तर क्योसेराचं पारडं जड वाटतं, भले तो रेकॉर्डिंग नसून नुसता कॉल असेना का.

रेकॉर्डिंग आपल्याकडे ओळखीचं झालं ते साधारण २००३-०४ च्या आसपास, नोकिया ३६५० आणि ६६०० मुळे: १७६ बाय १४४ पिक्सेल, थ्रीजीपी (जुन्या मोबाइलचा व्हिडिओ प्रकार) फाइल, माणूस ओळखू आला तरी नशीब. पुढे २००७ ला बाजारात आलेला एन९५ (६४० बाय ४८०, ३० फ्रेम), २००९ चा सॅमसंग ओम्निया एचडी ७२०पी (१२८० बाय ७२०), २०११ चा आयफोन ४एस १०८०पी (१९२० बाय १०८०). फोरकेचा (३८४० बाय २१६०) पहिला फोन कोणता हाही वादच, २०१३ मध्ये एसरच्या लिक्विड एस२ ची घोषणा आधी झाली पण दुकानात आधी पोचला गॅलक्सी नोट ३, म्हणून नोटला पहिला म्हणणं जास्त बरोबर.

सेन्सर अख्खं चित्र एकदम वाचत नाही, ओळीमागून ओळ वाचतो, याला रोलिंग शटर म्हणतात. ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीतून ऐरोलीच्या आसपास फोन आडवा धरून शूट केलं तर ओव्हरहेड वायरचे जवळचे खांब तिरके पडलेले दिसतात, आणि फोन उभा धरला, म्हणजे रील्ससाठी धरतात तसा, तर सेन्सरच्या ओळीही उभ्या होतात त्यामुळे खांब तिरके न होता जाड किंवा बारीक होतात. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरची अक्षरं दिवसा व्हिडिओत तुटकी येतात त्याचं कारण थोडं वेगळं: त्यातले एलईडी आळीपाळीने लुकलुकतात आणि भर उजेडात शटर इतकं झटपट मिटतं की त्या क्षणी पेटलेले तेवढेच सापडतात. घरातल्या ट्यूबलाइटखाली सरकणारे काळपट पट्टे मात्र आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे. दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, ३० फ्रेमवर ऑटोमध्ये शटर १/६० ला गेलं की पट्टे आलेच. १/५० किंवा १/१०० ठेवलं तर जातात, आयफोनमध्ये पाल (२५ फ्रेमची टीव्ही पद्धत) फॉरमॅट चालू केला की २५ फ्रेमचा पर्याय येतो तोही बरा.

आता सजावटीचं. नोकिया ५११० चं पुढचं कव्हर १९९८ लाच बदलता यायचं, म्हणजे हौस जुनीच आहे. वॉलपेपर, आयकॉन, विजेट यांनी व्हिडिओला काही होत नाही. लेन्सवर चिकटवायची स्वस्त काच मात्र रात्री नडते, दिवाळी पहाटेला राममारुती रोडवर किंवा तलावपाळीला अंधार असताना घेतलेल्या व्हिडिओत दिव्यांची भुतं नाचताना दिसतात ती बरेचदा तिचीच देणगी. चुंबकवाली कव्हरं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनला (लेन्स किंवा सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला) त्रास देऊ शकतात, आणि बाइकच्या हँडलला फोन लावून पाम बीच रोडवर फिरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की इंजिनाच्या सततच्या कंपनाने ही यंत्रणा बिघडू शकते असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिलाय.

सगळ्यात मोठा फटका रॉमचा. सायनोजेनमॉड (२००९ ते २०१६) आणि नंतर लिनिएजओएस अशी अँड्रॉइडवर बेतलेली बाहेरची रॉम फ्लॅश केली (फोनवर चढवली) की फोन हलकाफुलका होतो पण कंपनीचं कॅमेरा ॲप आणि त्यामागचं प्रोसेसिंग जातं. सोनीच्या एक्सपीरिया झेड मालिकेत बूटलोडर (फोन सुरू करणारा आणि बाहेरची रॉम अडवणारा प्रोग्राम) अनलॉक केला की कंपनीच्या सुरक्षित कीज (डिजिटल किल्ल्या) पुसल्या जायच्या आणि कमी उजेडातलं चित्र खरखरीत व्हायचं, तर गॅलक्सी झेड फोल्ड ३ मध्ये २०२१ ला सुरुवातीला कॅमेराच बंद पडायचा. अँड्रॉइड ५ पासून कॅमेरा२ एपीआय (ॲपना कॅमेऱ्यावर जास्त ताबा देणारी सोय) आल्यावर जीकॅमचे (गूगलच्या कॅमेरा ॲपचे) पोर्ट, म्हणजे इतर फोनसाठी बदललेल्या आवृत्त्या, निघाले, त्यांनी फोटो सुधारतात हे खरं, व्हिडिओ क्वचितच, कारण स्थिरीकरणाचं बरंचसं काम कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये (कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अडकलेलं असतं. त्यात बँकांची अनेक ॲप्स अनलॉक केलेल्या फोनवर चालायला नकार देतात, त्यामुळे बहुतेकांची हौस आता अँड्रॉइड १२ पासून वॉलपेपरवरून आपोआप बदलणाऱ्या रंगांवर आणि स्टेशनबाहेरच्या कव्हरांवर भागते.