घरगुती व्हिडिओ संपादनातील आवाजलोप

व्हिडिओतील चित्र शाबूत असताना संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा तिथून बाहेर काढलेल्या फाइलमध्ये आवाज ऐकू न येणे, याला आवाजलोप म्हणता येईल. क्लिप टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे क्रमाने मांडायच्या पट्टीवर, ठेवली, ओठ हलताना दिसतात, पण शब्द नाही. बहुतेक वेळा आवाज फाइलमध्ये जसाच्या तसा असतो आणि मायक्रोफोनपासून कानापर्यंतच्या वाटेत एखाद्या टप्प्यावर अडलेला असतो. तो टप्पा ओळखण्याआधी दुरुस्तीला हात घालू नये. घाबरून फाइलचे रूपांतर करायचे आणि मूळ फाइल पुसून टाकायची, ही यातली सर्वांत महागडी चूक आहे. घरातले क्षण दुसऱ्यांदा चित्रित होत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्यातून आलेली फाइल वेगळ्या डिस्कवर जपून ठेवूनच पुढचे सगळे प्रयोग करावेत.

निदान

टाइमलाइनवरील क्लिपमध्ये आवाजाची लहर, म्हणजे वेव्हफॉर्म, काढलेली दिसते. क्लिप चालू असताना आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरच्या पट्ट्या वरखाली होतात. दोष कुठे आहे, हे या दोन खुणांवरून जवळजवळ नक्की सांगता येते. लहर आहे आणि मीटरही हलतो, पण ऐकू येत नाही, तर आवाज भलत्याच उपकरणाकडे चालला आहे. लहर आहे पण मीटर निश्चल, तर प्रकल्पातले एखादे बटण आड आले आहे. लहरीच्या जागी सपाट रेघ असेल, तर चित्रीकरणातच शांतता नोंदली गेली असण्याचा संभव मोठा. आणि आवाजाचा ट्रॅकच टाइमलाइनवर आला नसेल, तर सॉफ्टवेअरला तो वाचता आलेला नाही, किंवा फाइलमध्ये तो मुळात नाही. मोठ्या फाइलची लहर तयार व्हायला वेळ लागतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. अडोबी प्रीमियर प्रो हा संपादन प्रोग्राम आवाजासाठी स्वतःच्या वेगळ्या तात्पुरत्या फाइली बनवतो. त्या अर्धवट राहिल्या किंवा बिघडल्या, तर चांगली क्लिपही मुकी होते. अशा वेळी मीडिया कॅशे, म्हणजे या तात्पुरत्या फाइलींचा साठा, रिकामी करून प्रकल्प पुन्हा उघडला की आवाज परत येतो.

सपाट रेघ दिसणे किंवा ट्रॅकच नसणे, या दोन स्थितींत मूळ फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवून पाहावी. व्हीएलसी बहुतेक सर्व डिकोडर, म्हणजे फाइलमधला आवाज आणि चित्र उलगडणारे भाग, सोबत घेऊनच येतो, संगणकात काय बसवले आहे यावर तो फारसा विसंबत नाही. तिथे आवाज आला, तर फाइल निरोगी आहे. मीडियाइन्फो हा मोफत प्रोग्राम फाइलमधील ऑडिओचा प्रकार, चॅनेलची संख्या आणि सॅम्पलिंगचा वेग लिहून दाखवतो. त्यात ऑडिओचा विभागच नसेल, तर संपादन सॉफ्टवेअरमध्ये शोध घेण्यात अर्थ नाही.

मुळात आवाज नसणे

टाइमलॅप्समध्ये आणि अनेक कॅमेऱ्यांच्या स्लो मोशनमध्ये आवाज नोंदला जात नाही. सोनीच्या कॅमेऱ्यांतील एस अँड क्यू (स्लो अँड क्विक) हा प्रकार याचे उदाहरण. बाहेरचा माइक जोडताच बहुतेक कॅमेरे आपला आतला माइक बंद करतात. अशा वेळी कॉलर माइकची बॅटरी संपलेली असेल किंवा त्याचा स्विच बंद राहिला असेल, तर पूर्ण चित्रीकरणभर शांतता नोंदली जाते. पिनेचाही घोळ होतो. मोबाइलसाठीच्या माइकच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या माइकच्या पिनेवर दोन. दोन्ही एकाच खाचेत बसतात, पण जोडणी जुळत नाही. यातून वाचण्याचा एकच खात्रीचा उपाय म्हणजे दहा सेकंद चित्रित करून हेडफोन लावून ऐकणे.

जुन्या ठेव्याचे डिजिटलीकरण करताना वेगळी अडचण येते. व्हीएचएस टेप संगणकात उतरवताना पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची आणि लाल उजव्या आवाजाची. यूएसबीचे कॅप्चर उपकरण संगणकाला बऱ्याचदा चित्राचे एक आणि आवाजाचे एक अशी दोन उपकरणे म्हणून दिसते, आणि दुसरे वेगळे निवडावे लागते. कोडॅकची सुपर ८ फिल्म १९६५ साली आली तेव्हा मूक होती. आवाजाची पट्टी असलेली फिल्म १९७३ साली आली. म्हणून त्याआधीच्या सुपर ८ रिळांत कॅमेऱ्याने घेतलेला आवाज शोधू नये. याउलट फिल्मच्या कडेला तपकिरी चुंबकीय पट्टी दिसत असेल, तर त्या रिळात आवाज असू शकतो. नुसती चित्रे टिपणारा स्कॅनर ती पट्टी वाचत नाही, त्यामुळे तयार झालेली फाइल मुकी निघते. पट्टी वाचणाऱ्या यंत्रावर रीळ पुन्हा चढवले, तर कित्येक वर्षांपूर्वीचा आवाज मिळतो. रीळ टाकून देण्याआधी ती कड उजेडात धरून बघावी.

कोडेकचा अडसर

एमपी४, एमओव्ही, एव्हीआय, एमकेव्ही ही नावे फाइलच्या कंटेनरची आहेत. कंटेनर म्हणजे पाकीट, आतले पत्र कोणत्या लिपीत आहे ते पाकिटावरून कळत नाही. ती लिपी म्हणजे कोडेक. चित्राचा कोडेक एक आणि आवाजाचा दुसरा असतो. सॉफ्टवेअरला पहिला वाचता आला आणि दुसरा आला नाही, की चित्र दिसते आणि आवाज नाहीसा होतो. कित्येकदा सॉफ्टवेअर याबद्दल एक शब्दही सांगत नाही, म्हणून सारा दोष कॅमेऱ्यावर जातो.

घरगुती कॅमकॉर्डरच्या काळात एसी-३, म्हणजेच डॉल्बी डिजिटल, हा याचा मोठा धनी होता. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत आवाज एसी-३ किंवा पीसीएम (न दाबलेला आवाज) प्रकारात साठवला जाई. विंडोजवरील त्या वेळचे साधे संपादन प्रोग्राम संगणकात बसवलेल्या डिकोडरवर अवलंबून असत. एसी-३चा डिकोडर नसेल, तर सहलीचा व्हिडिओ मूकपट होई. हा प्रश्न पुरता जुना झालेला नाही: विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोजमध्ये एसी-३चा डिकोडर सोबत येत नाही. लिनक्सवरील दा विंची रिझॉल्व्ह या संपादन प्रोग्राममध्ये बराच काळ एएसी या कोडेकचा आवाज वाचला जात नसे, आणि मोबाइलवर चित्रित केलेल्या बहुतेक व्हिडिओंचा आवाज तर एएसीच असतो. ओपस या २०१२ साली प्रमाणित झालेल्या आवाजाच्या कोडेकचीही अनेक प्रोग्रामांत अशीच गत होते.

कधी लिपी ओळखीची असते, पण मांडणी आड येते. कॅमकॉर्डरच्या डिजिटल डीव्ही टेपवरून उतरवलेल्या एव्हीआय फाइली दोन प्रकारच्या असत. पहिल्या प्रकारात आवाज चित्राच्या प्रवाहातच गुंफलेला असे, दुसऱ्या प्रकारात त्याचा वेगळा प्रवाहही दिलेला असे. व्हर्च्युअलडबसारख्या संपादन प्रोग्रामला पहिल्या प्रकारातला आवाज काढता येत नसे. दर्जा न घटवता पहिल्याचे दुसऱ्या प्रकारात रूपांतर केले, की तीच फाइल बोलू लागे.

या सर्वांवरचा उपाय मुळात सोपा आहे. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामने किंवा त्यावर चालणाऱ्या एखाद्या प्रोग्रामने चित्राला हात न लावता फक्त आवाज पीसीएम प्रकारात बदलून नवी एमओव्ही फाइल करावी. पीसीएम जवळजवळ प्रत्येक संपादन सॉफ्टवेअर वाचते. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ आवाजाला मिनिटाला सुमारे ११.५ मेगाबाइट जागा लागते, आणि चित्राच्या मानाने ती थोडीच आहे. अनोळखी कोडेक पॅक संगणकात ओतण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा. तसले पॅक एक दोष काढून दोन आणतात.

एकमेकांना गिळणारे चॅनेल

सर्वांत फसवा प्रकार हा. लहर दिसते, मीटर हलतो, हेडफोनवर आवाज येतो, आणि तोच व्हिडिओ मोबाइलच्या एका स्पीकरवर वाजवला की बोलणे नाहीसे होते. व्यावसायिक पद्धतीचा बॅलन्स्ड माइक, म्हणजे एकच आवाज सुलट आणि उलट अशा दोन तारांतून पाठवणारा माइक, साध्या स्टिरिओ खाचेत जोडला, की एक चॅनेल दुसऱ्याच्या नेमका उलटा नोंदला जातो. एकाची लहर वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली. दोन्ही एकत्र करून मोनो केले की बेरीज शून्य होते. लहर खूप मोठी करून पाहिली, तर दोन्ही चॅनेल आरशातल्या प्रतिमेसारखे दिसतात. एक चॅनेल उलटा करावा, किंवा डावाच घेऊन तो दोन्हीकडे भरावा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्राममध्ये यासाठी इन्व्हर्ट ही आज्ञा आहे. आवाज फक्त एका कानात येत असेल, तेव्हाही हीच भरण्याची युक्ती चालते.

प्रकल्पातील आणि एक्स्पोर्टमधील दोष

हे दोष सापडले की चटकन सुटतात. ट्रॅक म्यूट झालेला असतो, किंवा दुसऱ्याच एखाद्या ट्रॅकचे सोलो बटण दाबलेले असते. सोलो बाकी सगळ्यांना गप्प करते, आणि संगीताचा ट्रॅक ऐकून झाल्यावर ते काढायचे राहून जाते. आयमूव्ही या ॲपलच्या संपादन प्रोग्राममध्ये डिटॅच ऑडिओ, म्हणजे आवाज चित्रापासून वेगळा, केल्यावर मूळ क्लिप मुकी होते. वेगळा झालेला हिरवा पट्टा नंतर चुकून पुसला, तर आवाज गेल्यासारखा वाटतो. प्रीमियरमध्ये ऑडिओचा सोर्स पॅच, म्हणजे क्लिपचा आवाज कोणत्या ट्रॅकवर उतरावा ते ठरवणारे बटण, बंद असताना क्लिप टाकली, तर केवळ चित्र उतरते. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल आणि ती फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असेल, तर तिची जोडणी पुन्हा करून द्यावी लागते. एचडीएमआयने जोडलेल्या, स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे आवाज गेल्याचीही तक्रार नेहमीची आहे. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर निवडला की काम होते.

एक्स्पोर्ट करताना ऑडिओची खूण काढलेली राहिली, तर तयार फाइल मुकी निघते. प्रीमियरच्या एच.२६४ (चित्राचा एक कोडेक) सेटिंगमध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे चित्र आणि आवाज एका फाइलमध्ये गुंफणारा भाग, बंद असेल, तर चित्र आणि आवाज अशा दोन फाइली शेजारी शेजारी पडतात आणि माणूस पहिलीच उघडून बघतो. संगणकावर ऐकू येणारा आवाज यूट्यूबवर चढवल्यावर गेला असेल, तर पार्श्वसंगीतावर हक्काचा दावा झाला आहे का आणि तेवढा भाग म्यूट झाला आहे का, ते पाहावे.