गोव्यातील नामशेष वास्तू

गोव्यात एके काळी नावारूपाला आलेली आणि आज जागेवर नसलेली देवळे, राजवाडे, चर्च, मठ व विद्यालये यांचा या नोंदीत विचार केला आहे. काहींची एखादी कमान उरली आहे, काहींची तळी, तर काहींचे फक्त नाव. गोव्यातल्या नामशेष वास्तूंचा इतिहास इमारत पडली त्या दिवशी संपत नाही. देव आधीच नदीपार गेलेला असतो. कुठे चिरे होडीत भरून दुसऱ्या गावी जातात, कुठे घंटा दुसऱ्या मनोऱ्यात चढते. म्हणून अशा वास्तूची माहिती घेताना ती कुठे होती याच्या जोडीला तिचे काय काय कुठे गेले, हेही पाहावे लागते.

बांधकामाचे मुख्य साहित्य जांभा, म्हणजे गोव्यातला चिरा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो. पण तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो. चुन्याचा गिलावा शाबूत आहे आणि छपराची दर वर्षी डागडुजी होते, तोवर चिऱ्याची भिंत शतकानुशतके टिकते. माणसे निघून गेली आणि छप्पर गळू लागले की पावसाळा तिचा फडशा पाडतो. पिंपळ आणि वड भेगांत मुळे घालतात ते वेगळेच.

सर्वांत जुना थर कदंबकालीन, म्हणजे पोर्तुगीजांच्या आधी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजघराण्याच्या काळातला आहे. कदंबांची आधीची राजधानी चंद्रपूर, म्हणजे सासष्टीतले आजचे चांदर. तेथे उत्खननात विटांच्या देवळाचा पाया उघडा पडला, आणि मस्तक नसलेला एक नंदी तेथे आहे. नंतरची राजधानी गोपकपट्टण झुआरीच्या मुखाजवळ आजच्या गोवा वेल्हाच्या परिसरात होती. त्या बंदराचे वैभव शिलालेखांत वाचायला मिळते. जागेवर मात्र पाहण्यासारखे फार थोडे आहे. त्या काळातली देवळे कशी दिसत असतील याची कल्पना आज तांबडी सुर्लच्या महादेव मंदिरावरून करावी लागते. घाटाच्या पायथ्याच्या रानात आड राहिल्यामुळे ते काळ्या दगडाचे देऊळ वाचले.

कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर. राजे आपल्या बिरुदावलीत आणि सोन्याच्या नाण्यांवर त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख करीत. त्याचे देऊळ मांडवीच्या मधोमध असलेल्या दिवाडी बेटावर नार्वे येथे होते. १४व्या शतकात बहमनी स्वारीत ते उद्ध्वस्त झाले. विजयनगरचा माधव मंत्री याने त्याच शतकाच्या अखेरीस देवाची पुन्हा स्थापना केली. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी ते दुसऱ्यांदा पाडले आणि लिंग विहिरीवर पाणी शेंदण्याच्या कामाला लावले. राजांनी ज्याच्या नावाने नाणी पाडली त्या देवाची ही दशा वाचताना आजही जीव कळवळतो. भाविकांनी ते लिंग तेथून हलवून नदीपलीकडे डिचोली महालात नेले. देव गेला तसे गावाचे नावही त्याच्यामागे गेले: त्या ठिकाणालाही नार्वे म्हणतात. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तेथे देवालय बांधण्याची आज्ञा दिली. शके १५९०चा शिलालेख त्या देवळाच्या दारावर आहे. दिवाडीवर जुन्या देवळाजवळचे कोटितीर्थ हे तळे मात्र राहिले. त्याच्या काठांवर दगडात कोरलेले कोनाडे आहेत. देऊळ नाही, देव नाही, पण तळ्याचे पाणी आणि पायऱ्या पाहिल्या की येथे किती माणूस जमत असेल हे कळते.

सप्तकोटेश्वराची गोष्ट एकट्याची नाही. तिसवाडीतली, म्हणजे जुने गोवे व पणजीच्या परिसरातली देवळे १५४०च्या सुमारास पाडण्यात आली, दक्षिणेकडची सासष्टी व उत्तरेकडचा बार्देश या महालांची पाळी पुढच्या तीन दशकांत आली. महाजनांनी, म्हणजे देवळांचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांनी, जमेल तसे देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात नेले. तेव्हा तो मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. तो त्यांच्याकडे गेला १७६३ मध्ये. कुशस्थळीचा, म्हणजे कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्याला, लोटलीचा रामनाथ फोंड्यातल्या रामनाथीला. वेर्ण्याची म्हाळसा प्रियोळच्याच शिवेत आली आणि त्या जागेला म्हार्दोळ नाव पडले. वेर्ण्यातल्या मूळ जागेला लोक अजून जुने म्हार्दोळ म्हणतात, आणि अलीकडे तेथे पुन्हा देऊळ उभे राहिले आहे. चोडणच्या देवकीकृष्णाने तर मयेमार्गे माशेल गाठले. कवळ्याचे आजचे देऊळ १८व्या शतकातले, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले. फोंड्यात दिसणारी कौलारू छपरे, घुमट आणि दीपस्तंभ ही त्या नंतरच्या काळाची शैली होय. मूळ देवळे अशी नव्हती. प्रवासी मार्गदर्शकांतून ही गल्लत सर्रास होते, म्हणून ती येथे स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

जुने गोवे या राजधानीच्या शहरातल्या वास्तू वेगळ्या कारणांनी गेल्या. येथे पाडणारे आणि बांधणारे पुष्कळदा एकच होते. साथीच्या रोगांनी शहर ओस पडत गेले. व्हाइसरॉयने, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या प्रतिनिधीने, १६९५ मध्ये आपले बिऱ्हाड जवळच्या पणेलीला आणि १७५९ मध्ये पणजीला हलवले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. नव्या शहराला दगड हवा होता आणि जुने शहर म्हणजे घडवलेल्या दगडांची आयती खाण. मांडवीतून पणजीपर्यंत चिरे वाहून नेण्यात आले. पणजीच्या जुन्या भागातून चालताना हे ध्यानात ठेवावे.

अशा रीतीने गेलेली सर्वांत मोठी वास्तू आदिलशहाचा जुने गोवे येथील राजवाडा. १५१०च्या पोर्तुगीज विजयानंतर गव्हर्नर व व्हाइसरॉय १५५४पर्यंत येथे राहत. पुढे धर्मसमीक्षण सभा, म्हणजे धर्मद्रोहाच्या आरोपांची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय इन्क्विझिशन, १५६० मध्ये येथे आली. से कॅथेड्रलसमोरच्या चौकात ही इमारत होती. लोक तिला ‘व्हडलें घर’ म्हणत. थोरले घर एवढाच शब्दांचा अर्थ. पण ते नाव घेताना माणसे आवाज खाली आणत असतील याची कल्पना करता येते. डेलों या फ्रेंच वैद्याने येथे १७व्या शतकात कैद भोगली आणि सुटकेनंतर कोठड्यांचे, सुनावणीचे, मौनाच्या सक्तीचे सविस्तर वर्णन छापले. ही सभा १७७४ मध्ये बंद झाली, काही वर्षांत पुन्हा सुरू झाली आणि १८१२ मध्ये कायमची संपली. त्यानंतर दोन दशकांच्या आत इमारत पाडून दगड पणजीला नेण्यात आला. तिथला क्रूस मात्र पणजीत फोंतान्यशमधल्या सेंट सेबॅस्टियन चॅपलमध्ये आहे. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. एरवीच्या क्रूसावर असे पाहायला मिळत नाही. सभेचे मेज गोवा राज्य संग्रहालयाच्या संग्रहात आले. आदिलशहाच्या वाड्याची म्हणून सांगितली जाणारी काळ्या दगडाची चौकट सेंट कॅजेटन चर्चजवळ उभी आहे. तिच्यावरची कोरीव घडण एखाद्या देवळातली वाटते.

नदीकाठचा किल्लेवजा व्हाइसरॉय प्रासादही असाच गेला. त्यात लावलेली व्हाइसरॉयांची चित्रे आज जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. प्रासादाकडे जाणारी व्हाइसरॉयची कमान उभी दिसते, पण ती १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. राजेशाही इस्पितळाचे तर अवशेषही नाहीत. पिरार द लाव्हाल हा प्रवासी १७व्या शतकाच्या आरंभी तेथे रुग्ण म्हणून राहिला आणि तिथल्या व्यवस्थेने थक्क झाला.

सेंट पॉल विद्यालयाची स्थापना १५४०च्या दशकाच्या सुरुवातीला झाली. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये येथे चालू झाला. आपल्या देशातल्या छापील अक्षराचा उगम येथे आहे, पण त्या जागी आज दर्शनी भागाची एक कमान तेवढी आहे. रोगराईमुळे विद्यालय चालवणाऱ्या जेझुइटांनी, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंनी, ही जागा सोडली आणि १८३२ मध्ये उरलेली इमारत पाडण्यात आली. मराठी छपाईवर प्रेम असणाऱ्याने रस्त्याकडेच्या त्या एकाकी कमानीपाशी थोडा वेळ थांबावे.

जुने गोवेच्या पवित्र टेकडीवरचे सेंट ऑगस्टीन चर्च हे या सगळ्यांत सर्वांत प्रभावी अवशेष. ऑगस्टिनियन संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात आले. १६०२च्या सुमारास हे चर्च पूर्ण झाले. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते, त्यांतला एक अर्धा उरला आहे आणि तोच ४६ मीटर उंच आहे. १८३५ मध्ये सरकारने धर्मसंघ बरखास्त केले आणि मठ रिकामा झाला. सात वर्षांनी, १८४२ मध्ये, कमानीचे छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. ओस पडलेली चिऱ्याची इमारत किती झपाट्याने जाते ते या वर्षांवरून कळावे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारा उपसल्यावर निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशा आणि कबरींचे लेख उघडे झाले. १६२४ मध्ये शिराझमध्ये मारली गेलेली जॉर्जियाची राणी केतेवन हिचे अवशेष येथे ठेवले असल्याची जुनी नोंद होती. त्या शोधात २००५च्या सुमारास हाडे मिळाली. हैदराबादच्या प्रयोगशाळेतील डीएनए तपासणीने त्या नोंदीला बळ दिले आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले.

या चर्चची मोठी घंटा आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात गेली आणि १८७१ पासून पणजीच्या मेरी इमॅक्युलेट चर्चच्या माथ्यावर आहे. ८ डिसेंबरच्या फेस्ताला पणजीकर जी घंटा ऐकतात ती हीच.