घसा कोणाचा बसलाय, नदीचा की आईचा?

निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की ती चेतनगुणोक्ती, असं आपण शाळेत पाठ करतो. कथा वाचताना ही व्याख्या अपुरी पडते. निसर्ग माणसासारखा वागतो, पण तो दोन अगदी वेगळ्या कारणांनी.

पुराच्या कथेतलं एक वाक्य घेऊ. ‘रात्रीतून नदीने तीन पायऱ्या गिळल्या आणि चौथीवर हात टेकून ती उंबऱ्याकडे पाहत राहिली.’ या नदीला स्वतःची इच्छा आहे. घरातली म्हातारी गाढ झोपली असली तरी ती तशीच पाहत राहील. कृष्णाकाठी पूर आला की खणा-नारळाने नदीची ओटी भरतात. म्हातारीने तशी ओटी भरली, तर नदी ऐकेल का? हा प्रश्न पडला की नदी पात्र झाली आणि कथेला गती आली. मला चेतनगुणोक्तीचं खरं बळ इथे दिसतं.

आता दुसरं वाक्य. ‘मुलाला पोचवून ती परतली, तेव्हा नदीसुद्धा घसा बसल्यासारखी वाहत होती.’ घसा आईचा बसलाय. त्याच घाटावर एखादं वऱ्हाड उतरलं असतं, तर त्यांना हीच नदी गाताना ऐकू आली असती. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनने १८५६ साली आपल्या ‘मॉडर्न पेंटर्स’ या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात याला ‘पॅथेटिक फॅलसी’ म्हटलं. आपण भावनारोप म्हणू. चार्ल्स किंग्जली या इंग्रज लेखकाच्या कवितेतला समुद्राचा ‘क्रूर, सरपटणारा फेस’ घेऊन रस्किन सांगतो, फेस क्रूर नसतो आणि सरपटतही नाही. दुःखाने विवेक ढळलेल्या मनाला तो तसा दिसतो.

म्हणून भावनारोप पात्राच्या नजरेतून आला तर फार सुंदर वाटतो. निवेदकच ‘आभाळही रडू लागलं’ म्हणाला, की तेच दुःख दुसऱ्यांदा सांगितलं जातं, आणि लघुकथेत तेवढी जागा नसते.

मराठीत आणखी एक अडचण आहे. आपला पाऊस रोजच्या बोलण्यातच ओढ देतो, दडी मारतो. हे शब्द इतके झिजलेत की त्यांत कुणी दिसत नाही. पण ‘पावसाने दडी मारली’ या वाक्यानंतर शेतकरी बांधावर उभा राहून वर बघत म्हणाला, ‘कुठं लपलायस रे, ये की बाहेर,’ तर ती दडी पुन्हा खरी होते.