सातबाऱ्यावर नसलेलं गाणं

अँड्रॉइड फोनमधलं फायलींचं अ‍ॅप उघडा, एखाद्या गाण्यावर बोट दाबून धरा आणि ‘माहिती’ किंवा ‘तपशील’ बघा. ब्राउझरमधून उतरवलेल्या गाण्याचा पत्ता साधारण असा दिसतो: स्टोरेज, त्यात इम्युलेटेड, त्यात शून्य, त्यात डाउनलोड आणि शेवटी फाइलचं नाव. हे सगळं रोमन लिपीत आणि तिरक्या रेघांनी जोडलेलं. बहुतेक जण इथूनच मागे फिरतात. खरं तर त्या पत्त्यात फोनच्या साठवणुकीचा बराचसा इतिहास आहे.

२००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनची, एचटीसी ड्रीमची, स्वतःची साठवण होती जेमतेम २५६ एमबी. तीही बरीचशी अँड्रॉइडनेच अडवलेली. गाणी आणि फोटो ठेवायचे ते मेमरी कार्डावर. आपल्याकडे तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागायच्या, तो साधारण हाच काळ. कायद्याच्या नजरेतून तो धंदा चोरीचाच होता, पण गाणं नेमकं कुठे आहे याबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात तेव्हा शंका नसायची. ते कार्डावर असायचं. कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की गाणी तिकडे वाजायची.

पुढे कार्डाची खाच नसलेले फोन आले. अ‍ॅप्स मात्र गाणी ठेवायला कार्डच शोधत होती. मग अँड्रॉइडने आतल्याच साठवणीच्या एका भागाला कार्डाचं सोंग दिलं. पत्त्यातलं ‘इम्युलेटेड’ ते हेच. त्यापुढचं शून्य म्हणजे फोनचा पहिला वापरकर्ता. फोनमध्ये खरंखुरं कार्ड घातलेलं असेल तर त्याचा फोल्डर वेगळा दिसतो. त्याचं नाव आठ आकडे-अक्षरांचं असतं, मध्ये एक आडवी रेघ. कार्ड फॉरमॅट करताना त्याला मिळालेला तो क्रमांक असतो.

गाणं कुठे उतरतं, हे ते कोणत्या अ‍ॅपने उतरवलं यावर ठरतं. ब्राउझर ते डाउनलोड फोल्डरमध्ये टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं गाणं ‘अँड्रॉइड’ फोल्डरातल्या ‘मीडिया’मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाच्या फोल्डरात चार पायऱ्या खाली जाऊन बसतं. तिथे त्याचं मूळ नावही बरेचदा जातं. ‘एयूडी’, मग वर्ष-महिना-तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि एक क्रमांक असं सरकारी थाटाचं नाव मिळतं. ‘आजीने म्हटलेली भूपाळी’ या नावाने शोधून ती सापडत नाही ती यामुळे. कोणत्या तारखेला आली एवढं आठवत असेल, तर ती तारीख आकड्यांत टाकून शोधा. लगेच सापडेल.

आता खरी गंमत. फाइल डाउनलोडमध्ये आहे, फायलींच्या अ‍ॅपमधून ती वाजतेही, पण संगीताच्या अ‍ॅपमध्ये तिचा पत्ता नाही. असं का होतं?

कारण संगीताचं अ‍ॅप सहसा फोल्डर धुंडाळत बसत नाही. अँड्रॉइडमध्ये मीडियास्टोअर नावाची एक नोंदवही असते. फोनमधली गाणी, फोटो, व्हिडिओ यांचा तो डेटाबेस. फोनमधला स्कॅनर फोल्डर चाळतो, प्रत्येक गाण्याच्या फाइलमधून नाव, गायक, अल्बम, लांबी काढून घेतो आणि या वहीत एक ओळ लिहितो. संगीताचं अ‍ॅप वाचतं ती वही. गाणं आणि गाण्याची नोंद यांचं नातं जमीन आणि सातबाऱ्यासारखं आहे. जमीन जागच्या जागी असते, पण सातबाऱ्यावर नाव लागलं नसेल तर कागदोपत्री ती तुमची नाही. उलटही घडतं. फाइल पुसली गेलेली असते, नोंद मात्र वहीत राहते, आणि गाण्यावर बोट ठेवलं की ‘वाजवता येत नाही’ असं उत्तर मिळतं.

दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फोनवर हा घोळ रोजचा होता. संगणकावरून गाणी टाकली की फोन बंद करून चालू करायचा, हा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय. त्यात अंधश्रद्धा काही नव्हती. फोन सुरू होताना साठवण नव्याने जोडली जाते आणि त्या वेळी स्कॅनर पुन्हा फिरतो. अँड्रॉइड ११ पासून सोंगाचं कार्ड आणि नोंदवही या दोन्हींचा कारभार एकाच यंत्रणेकडे आला, त्यामुळे फोनमधल्या फोनमध्ये केलेल्या हलवाहलवीचा फेरफार बहुतेक वेळा आपोआप नोंदला जातो.

तरीही गाणी गायब होतात, आणि त्याला एक जुनं कारण आहे. एखाद्या फोल्डरात ‘नोमीडिया’ नावाची फाइल असेल, नावाच्या आधी एक टिंब आणि आत काहीही नाही, तर स्कॅनर तो फोल्डर आणि त्याच्या पोटातले सगळे फोल्डर सोडून देतो. ही सोय अ‍ॅप्ससाठी आहे. व्हॉट्सअ‍ॅप तुम्ही पाठवलेल्या फायलींच्या ‘सेंट’ फोल्डरात ती ठेवतं, म्हणून तीच गोष्ट दोनदा दिसत नाही. गंमत अशी, की अशा फोल्डरातली गाणी ‘सिलेक्ट ऑल’ करून दुसरीकडे हलवताना ही रिकामी फाइलही सोबत जाऊ शकते. ती म्युझिक फोल्डरात पोचली की त्या फोल्डरातली सगळी गाणी वहीतून उठतात. तिचं नाव टिंबाने सुरू होत असल्याने ती दिसतही नाही. फायलींच्या अ‍ॅपमध्ये ‘लपवलेल्या फाइल दाखवा’ हा पर्याय चालू केला की दिसते. ती काढून टाका आणि फोन एकदा बंद-चालू करा.

आणखी एक साधं कारण: बरीच संगीत अ‍ॅप्स अर्ध्या किंवा एका मिनिटाहून लहान फायली दाखवतच नाहीत. नाही तर नोटिफिकेशनचे टिणटिण आवाज गाण्यांच्या यादीत आले असते. लहान मुलाचं वीस सेकंदांचं बडबडगीत यात अडकतं. सेटिंगमध्ये ही मर्यादा बदलता येते.

नोंदवहीत गाण्याचं नाव येतं कुठून? फाइलच्या नावातून नाही, फाइलच्या पोटातून. एमपी३ फाइलमध्ये आवाजाशेजारी माहितीचा एक तुकडा असतो, त्याला आयडी३ टॅग म्हणतात. १९९६ साली पहिला टॅग आला तो फक्त १२८ बाइटांचा. फाइलच्या अगदी शेवटी चिकटवलेला. त्यात शीर्षकाला ३० बाइट, गायकाला ३०, अल्बमला ३०, वर्षाला चार, शेऱ्याला ३०, आणि संगीतप्रकाराला एक. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट लागतो, त्यामुळे तिकडे वेळ निभावून गेली. देवनागरीचं गणित वेगळं. आज सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द मोडून मोजा: दहा चिन्हं, नेमके ३० बाइट. ‘ज्ञानेश्वरी’ लिहायला गेलात की शेवटची वेलांटी हद्दीबाहेर.

१९९८ मध्ये आयडी३ची दुसरी आवृत्ती आली. ती फाइलच्या सुरुवातीला बसते, तिला लांबीची अशी अडचण नाही आणि तिच्यात युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांना सामावून घेणारी अक्षरांची पद्धत, चालतं. पण टॅग लिहिणाऱ्या प्रोग्रामने मजकूर कोणत्या पद्धतीने लिहिलाय हे एका बाइटात सांगायचं असतं, आणि पुष्कळ प्रोग्राम ते चुकीचं सांगतात. मजकूर यूटीएफ-८ मध्ये आणि वर शिक्का जुन्या युरोपीय लिपीचा. मग अभंगाच्या नावाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो, मध्ये चार टोकं फुटलेलं वर्तुळ, मध्ये चक्क जपानी येनचं चिन्ह. फाइल बिघडली असं समजून लोक ती पुसतात. फाइल ठणठणीत असते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच असतो, त्याचा तो ‘ए’. दुसरा बाइट दोनांपैकी एक, त्यातल्या एकाचं वर्तुळ होतं आणि दुसऱ्याचा येन. नावात दीर्घ वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरं जितकी जास्त, तितके येन जास्त. टॅग दुरुस्त करणारी अ‍ॅप्स मिळतात. शीर्षक एकदा हाताने लिहून जतन केलं की प्रश्न मिटतो. टॅगच नसेल तर अ‍ॅप फाइलचं नाव दाखवतं आणि गायकाच्या जागी ‘अज्ञात’. गावोगावच्या भजनी मंडळांची निम्मी रेकॉर्डिंगं या अज्ञाताच्या नावावर जमा असतात, असं मला अनेकांचे फोन पाहून वाटतं.

लांबीचा हाच हिशेब फाइलच्या नावालाही लागतो. अँड्रॉइडच्या आतल्या साठवणीत एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं. ‘स्त्री’ हा एवढासा शब्द १८ बाइट खातो. विंडोजमध्ये मर्यादा बाइटांची नसून २५५ चिन्हांची असल्याने तिथे सुखाने नांदणारं लांबलचक मराठी नाव फोनवर कॉपी होताना अडतं, आणि कारण न सांगता अडतं. नाव छोटं करा, लगेच जाईल.

आता हलवणं. डाउनलोडमधून म्युझिकमध्ये चार जीबी गाणी हलवली तर काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. तीच गाणी मेमरी कार्डावर हलवली तर चहा पिऊन होतो. पहिल्या बाबतीत गाण्याचा एकही बाइट जागचा हललेला नसतो. फाइलचा मजकूर चिपमध्ये एका ठिकाणी असतो आणि ‘अमुक फोल्डरात अमुक नाव’ ही यादी वेगळी असते. बदलते ती फक्त यादी. कार्ड म्हणजे स्वतंत्र फाइलप्रणाली. तिथे प्रत्येक बाइट वाचून लिहावाच लागतो आणि मग मूळ प्रत पुसली जाते. क्लास १० कार्डावर लिहिण्याचा किमान हमीचा वेग सेकंदाला १० एमबी. १२८ केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीच्या आतबाहेर बसतं, म्हणजे चार जीबीत आठशेच्या आसपास गाणी. त्या वेगाने सहा-सात मिनिटं लागतात. मधेच कार्ड उपसलं तर अर्धवट फायली उरतात आणि कार्डावरची यादीच विस्कटू शकते. म्हणून कार्डावर नेताना मी ‘मूव्ह’ वापरत नाही. आधी ‘कॉपी’, मग दोन-चार गाणी वाजवून बघायची, मग मूळ प्रत पुसायची.

हलवल्यावर एक गोष्ट हमखास मोडते, ती प्लेलिस्ट. अनेक प्लेअर प्लेलिस्टमध्ये गाण्याचा पत्ता लिहून ठेवतात. गाणं दुसऱ्या फोल्डरात गेलं की यादी जुन्याच पत्त्यावर दार वाजवत बसते. आधी फोल्डर लावून घ्या, प्लेलिस्ट नंतर.

केबलने संगणकाला जोडलं की फोन आता फक्त चार्ज होतो. अँड्रॉइड ६ पासून तसंच आहे. वरची सूचना खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं. पूर्वी फोन जोडला की संगणक अख्खं कार्ड ताब्यात घ्यायचा आणि तेवढा वेळ फोनला स्वतःचीच गाणी दिसायची नाहीत. आता मधे एमटीपी असतं, फायली देण्याघेण्याचं एक तंत्र. कॅमेऱ्यांसाठीच्या पीटीपी पद्धतीत भर घालून मायक्रोसॉफ्टने ते संगीत-प्लेअरसाठी बनवलं. यात साठवण फोनच्याच ताब्यात राहते आणि संगणक त्याला एकेक फाइल मागतो. हजार लहान फायली असतील तर हे फार रेंगाळतं. मॅकला तर एमटीपी मुळात येतच नाही, वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं.

आयफोनची तऱ्हा निराळी. सफारीतून उतरवलेलं गाणं ‘फाइल्स’ अ‍ॅपच्या डाउनलोड्समध्ये सापडतं आणि तिथे वाजतंही, पण अ‍ॅपलच्या म्युझिक अ‍ॅपमध्ये ते फोनवरून घालता येत नाही. त्यासाठी संगणक लागतो, किंवा व्हीएलसीसारखं दुसरं अ‍ॅप. हे जुनंच वळण आहे. आयपॉडमध्ये गाणी एका लपवलेल्या फोल्डरात, चार अक्षरांची निरर्थक नावं देऊन विखरून ठेवलेली असायची. कोणतं गाणं कुठे आहे हे फक्त आयपॉडच्या नोंदवहीला ठाऊक.

राहिली स्ट्रीमिंग अ‍ॅप्सची ‘डाउनलोड’ केलेली गाणी. ती शोधून उपयोग नाही. अ‍ॅप ती स्वतःच्या खासगी फोल्डरात, कुलूपबंद करून ठेवतं आणि किल्ली अ‍ॅपच्या हाती. फाइल उचलून दुसरीकडे ठेवलीत तरी ती कुठल्याच प्लेअरमध्ये वाजणार नाही. स्पॉटिफायला तर ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट दिसावं लागतं, नाही तर उतरवलेली गाणी निघून जातात. गाणी कार्डावर न्यायची असतील तर ते अ‍ॅपच्या आतल्या ‘स्टोरेज’ सेटिंगमधूनच होतं.

हाच नियम रेकॉर्डिंगची काही अ‍ॅप्सही पाळतात, आणि तिथे तो महागात पडू शकतो. ‘अँड्रॉइड’ फोल्डरातल्या ‘डेटा’मध्ये प्रत्येक अ‍ॅपची स्वतःची खोली असते. अँड्रॉइड ११ पासून दुसऱ्या अ‍ॅपला तिथे डोकावता येत नाही, आणि अ‍ॅप काढून टाकलं की ती खोली सामानासकट रिकामी होते. फोन भरला म्हणून एखादं जुनं रेकॉर्डर अ‍ॅप काढायला निघाला असाल, तर आधी एका रेकॉर्डिंगचा तपशील उघडून पत्ता वाचा. त्यात ‘डेटा’ दिसला, तर त्याच अ‍ॅपमधून ‘शेअर’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ करून ती फाइल म्युझिकमध्ये आणा, आणि मग अ‍ॅप काढा.